पीक उदंड, पण शेतकऱ्याचा हात रिकामा

दादरच्या भाजीबाजारात कांद्याचा भाव उतरला की लालबाग-परळच्या घरांत समाधान असते. खानावळवाल्यांचाही खर्च कमी होतो. परंतु ज्याने हा कांदा पिकवला त्याचे काय होते, याचा विचार आपले व्यापारी व कारागीर बांधव क्वचितच करतात. वस्तुतः तो करणे आपल्या हिताचे आहे. नाशिक, अहिल्यानगर, सोलापूरचा शेतकरी हा आपल्या कपड्याचा, चपलेचा, भांड्याचाही गिऱ्हाईक आहे.

फेब्रुवारी २०२३ मध्ये बार्शी तालुक्यातील एका शेतकऱ्याने ५१२ किलो कांदा सोलापूरच्या बाजारात विकला. भाव मिळाला किलोला १ रुपया. गाडीभाडे, हमाली, तोलाई वजा जाता त्याच्या हाती आला २ रुपयांचा चेक! पीक बुडाले नव्हते. उलट बाजारात आवक फार झाली होती.

असे का होते? कांदा निम्म्या भावात मिळाला म्हणून कोणी दुप्पट खात नाही. त्यामुळे माल थोडा जास्त झाला तरी भाव फार कोसळतो. त्यातून उन्हाळ कांदा चाळीत चार-सहा महिने टिकतो, पण लाल कांदा टिकत नाही. तो मिळेल त्या भावात विकावाच लागतो.

एक हिशेब मांडून पाहू. समजा, एका शेतकऱ्याने १०० क्विंटल कांदा १,५०० रुपयांनी विकला. आले १,५०,००० रुपये. पुढच्या वर्षी १३० क्विंटल पिकला, पण भाव ७०० वर आला. आले ९१,००० रुपये. माल ३० क्विंटलने वाढला आणि पैसा ५९,००० ने घटला. शिवाय काढणी, बारदान व वाहतुकीचा खर्च १३० क्विंटलचा झाला तो वेगळाच.

जादा माल परदेशी गेला तर भाव सावरतो. पण शहरात कांदा महागला की सरकारे धास्तावतात. १९९८ साली दिल्लीच्या निवडणुकीत सत्ताधाऱ्यांना या महागाईचा फटका बसला होता. ऑगस्ट २०२३ मध्ये केंद्राने कांद्यावर ४० टक्के निर्यातशुल्क लावले आणि डिसेंबरात निर्यातच बंद केली. बंदी मे २०२४ मध्ये उठली, शुल्क पूर्णपणे गेले ते १ एप्रिल २०२५ रोजी. म्हणजे स्वस्ताईचा तोटा शेतकऱ्याने सोसायचा आणि महागाईचा लाभ मात्र त्याच्यापर्यंत पोहोचू द्यायचा नाही, असा हा प्रकार झाला. २०२३ च्या मंदीत राज्य सरकारने क्विंटलला ३५० रुपये अनुदान २०० क्विंटलच्या मर्यादेत दिले, परंतु तो तात्पुरता आधार होता.

आमच्या व्यापारी बांधवांनी यातून दोन गोष्टी ध्यानात घ्याव्यात. पहिली, "यंदा पीक चांगले" एवढे ऐकून ईदच्या हंगामासाठी गावाकडच्या दुकानदारांना भरमसाट उधारी देऊ नये. लासलगावचा भाव आधी पाहावा. पीक किती आले यापेक्षा शेतकऱ्याच्या हाती किती उरले यावर आपली वसुली अवलंबून असते.

दुसरी, ज्यांना बारमाही कांदा, मिरची लागते त्या हॉटेलवाल्यांनी व मसालेवाल्यांनी 'सलम' व्यवहाराचा विचार करावा. मदिनेत फळांसाठी असे व्यवहार होत. हुजूर (स.) यांनी त्यात माप, वजन व मुदत ठरलेली असावी अशी अट घातली. रक्कम आगाऊ द्यायची, मालाची प्रत ठरवायची, परंतु एकाच ठराविक शेताच्या पिकावर सौदा बांधायचा नाही. शेतकऱ्याला लागवडीच्या वेळी बिनव्याजी पैसा मिळतो, आपल्याला माल ठरल्या भावाने मिळतो. मात्र त्याची नड पाहून भाव पाडणे हा व्यापार नव्हे. तसेच टंचाईत भाव चढावा म्हणून माल दडवणे शरीअतला मंजूर नाही.

शेतकऱ्याच्या घरी चार पैसे राहिले तरच आपल्या दुकानी बरकत येईल, हे विसरून चालणार नाही.