काचेवरचे ओले रंग : अलेक्सांद्र पेत्रोव यांची चित्रकला आणि चित्रपट

चित्रकला आणि अ‍ॅनिमेशनपट यांच्यातील सीमारेषा ज्यांच्या कामात जवळजवळ पुसली जाते अशा मोजक्या कलावंतांमध्ये, रशियातील यारोस्लाव्ल प्रांतात 1957 साली जन्मलेले अलेक्सांद्र पेत्रोव यांचे स्थान फार वरचे आहे. हाताने रंगवलेल्या नेहमीच्या अ‍ॅनिमेशनमध्ये पात्रे ‘सेल’ म्हणजे पारदर्शक तावांवर, रेषेने बांधलेल्या सपाट रंगांत काढली जात आणि वेगळी रंगवलेली पार्श्वभूमी त्यांच्याखाली ठेवली जाई. त्यामुळे देखावा आणि त्यात वावरणारी माणसे या दोहोंचा पोत वेगळा राहत असे. पेत्रोव यांच्या चित्रपटांत मात्र माणूस, पाणी आणि आकाश ही एकाच ओल्या रंगातून घडतात.

त्यांचे तंत्र सांगायला सोपे, पण करायला अतिशय कठीण आहे. सावकाश वाळणारे तैलरंग ते काचेवर मुख्यतः बोटांच्या टोकांनी पसरतात आणि कुंचला क्वचितच वापरतात. एकमेकींपासून थोड्या अंतरावर बसवलेल्या काचांपैकी एकीवर पात्रे, तर दुसरीवर पार्श्वभूमी असते, खालून प्रकाश येतो आणि वरचा कॅमेरा त्या चित्राची एक चौकट टिपतो. त्यानंतर तेच चित्र बोटाने किंचित सरकवून, पुसून, पुन्हा रंगवून पुढची चौकट तयार केली जाते. म्हणजे प्रत्येक नवे चित्र आधीच्या चित्राला मोडूनच जन्माला येते आणि एखादी हालचाल मध्येच बिघडली, तर मागे जाऊन दुरुस्तीला फारसा वाव उरत नाही. हे तंत्र पेत्रोव यांनी शोधलेले नाही. कॅरोलिन लीफ यांनी 1976 च्या ‘द स्ट्रीट’मध्ये काचेवरच्या रंगांतून विलक्षण परिणाम साधला होता. परंतु त्याला तैलचित्राची खोली, त्वचेवरचा उजेड आणि पाण्याचे वजन पेत्रोव यांनी दिले, असे म्हणणे योग्य ठरेल.

दस्तयेव्स्की यांच्या कथेवरील ‘एका हास्यास्पद माणसाचे स्वप्न’ (1992) आणि ‘जलपरी’ (1997) यांनंतर त्यांनी हेमिंग्वे यांची ‘द ओल्ड मॅन अँड द सी’ ही कादंबरिका हाती घेतली, जी मराठी वाचकांना पु. ल. देशपांडे यांच्या ‘एका कोळियाने’ या अनुवादातून परिचित आहे. कॅनडातील माँट्रियल येथे, मुलगा द्मित्री याला मदतीला घेऊन, पेत्रोव यांनी दोन वर्षांहून अधिक काळ या चित्रपटावर काम केले. तो ‘आयमॅक्स’ या नेहमीच्या चित्रपटाहून कितीतरी मोठ्या पडद्यासाठी असल्याने काचाही मोठ्या घ्याव्या लागल्या, कारण तेथे बोटाचा लहानसा ठसाही पडद्यावर प्रचंड दिसतो. सेकंदाला 24 चौकटी या हिशेबाने सुमारे वीस मिनिटांसाठी 29,000 हून अधिक चित्रे झाली.

या कथेत घटना थोड्या आणि आठवणी पुष्कळ आहेत. होडीत एकटा असलेला म्हातारा तारुण्यातली पंजा लढवण्याची स्पर्धा आठवतो, स्वप्नात आफ्रिकेच्या किनाऱ्यावरचे सिंह पाहतो, आणि शब्दांना हे एकामागून एक सांगावे लागते. ओला रंग मात्र वर्तमान आणि स्मृती यांच्यामध्ये दृश्य न तोडता वाहू शकतो. म्हणूनच येथे तंत्र हे आशयाचे अंग बनते. पेत्रोव यांच्या वास्तववादी शैलीत भावुकतेकडे झुकण्याचा धोका आहे, हे नाकारता येत नाही. तरी समुद्र आणि मासा यांच्या चित्रणात तो धोका त्यांनी टाळला आहे.

या चित्रपटाला 2000 साली लघु अ‍ॅनिमेशनपटाचा ऑस्कर पुरस्कार मिळाला. काचेवरची ती हजारो चित्रे आज कोठेही नाहीत, कारण ती पुढच्या चित्रांत विरून गेली. त्यामुळे मूळ कलाकृती म्हणायची ती चित्रफीतच. ‘एका कोळियाने’ ज्यांनी वाचले आहे, त्यांनी ही वीस मिनिटे, शक्य होईल तेवढ्या मोठ्या पडद्यावर, अवश्य पाहावीत.