मोडशीने मोडलेले शहर

रुग्णाचा पूर्वेतिहास नीट विचारल्याशिवाय निदानाकडे वळू नये, हा धडा आपणा सर्वांना विद्यार्थिदशेतच मिळालेला असतो. तो शहरांनाही लागू पडतो, असे मला जुने गोवे पाहताना नेहमी वाटते. मांडवीच्या डाव्या तीरावरचे हे शहर एके काळी पूर्वेकडील पोर्तुगीज साम्राज्याची राजधानी होते. सतराव्या शतकाच्या आरंभी तेथील वस्ती दोन लाखांच्या घरात होती, असे परंपरेने सांगितले जाते. आज तेथे भव्य चर्चे आहेत, हिरवळ आहे, माडांची बने आहेत. शहर मात्र नाही. ते गेले कोठे, हा प्रश्न इतिहासकारांइतकाच आपल्या व्यवसायाचाही आहे.

जुने गोवे पाहावे ते पायीच, आणि तेथवर जावे ते शक्यतो सायकलने. हिवाळ्यातील एखाद्या रविवारी सकाळी मी पणजीहून निघतो. पाटो ओलांडला की रायबंदरपर्यंत सुमारे तीन किलोमीटरचा जुना सेतुमार्ग लागतो. १६३० च्या दशकात काउंट लिन्यारिश या व्हाइसरॉयच्या कारकिर्दीत तो बांधला गेला. एका बाजूस मिठागरे व खाजणे, दुसऱ्या बाजूस मांडवीचे संथ पात्र. सायकलच्या गतीने जाताना ध्यानात येते की हे शहर नदीकडे तोंड करून वसलेले होते. आपण मोटारीतून त्याच्या पाठीकडून शिरतो, म्हणून ते आपल्याला नीट उमगत नाही.

यासाठी आरंभ धक्क्याजवळील व्हाइसरॉयच्या कमानीपासून करावा. वास्को द गामाचा पणतू फ्रान्सिस्को द गामा हा व्हाइसरॉय असताना ती उभारली गेली आणि १९५४ मध्ये तिची पुनर्बांधणी झाली. नवा व्हाइसरॉय याच कमानीतून शहरात प्रवेश करी. आज शेजारून दिवाडी बेटाकडे फेरीबोट सुटते. थोडे पुढे सेंट कॅजेटनचे घुमटाकार चर्च आणि त्याच्या आवारात आदिलशाही वाड्याचे एकाकी दगडी द्वार दिसते. पोर्तुगिजांच्या आधीही हे शहर नांदते होते, याची ती मूक साक्ष आहे.

तेथून चार पावलांवर से कॅथेड्रल. अल्बुकर्कने २५ नोव्हेंबर १५१० रोजी, म्हणजे सेंट कॅथरीनच्या सणादिवशी, हे शहर जिंकले. म्हणून हे कॅथेड्रल तिच्या नावाने आहे. १५६२ मध्ये काम सुरू झाले आणि मुख्य वास्तू १६१९ मध्ये पूर्ण झाली. दर्शनी भागाला दोन मनोरे होते. त्यांतील एक १७७६ मध्ये कोसळला तो पुन्हा बांधला गेला नाही. उरलेल्या मनोऱ्यात ‘सोन्याची घंटा’ म्हणून ओळखली जाणारी प्रचंड घंटा आहे. त्या घंटेकडे पाहिले की मला याच शहरातील त्याहून जुन्या घंटांची एक हकीकत आठवते.

१५४३ मध्ये गोव्यात एक भयंकर साथ आली. उलट्या, जुलाब, पायांत पेटके, खोल गेलेले डोळे आणि काही तासांत मृत्यू. लोक इतके मरू लागले की मृतांसाठी वाजविल्या जाणाऱ्या घंटांचा नाद गव्हर्नरने बंद करविला; ऐकणाऱ्यांचा धीर सुटू नये म्हणून. गास्पार कोरैया या बखरकाराने हे नमूद केले आहे. गव्हर्नरने शहरातील जाणकारांना एकत्र करून रुग्णालयात दगावलेल्या एका रुग्णाचे शवविच्छेदनही करविले. जठर आक्रसून सुरकुतलेले आढळले. बाकी दोष सापडला नाही. शरीरातील पाणी गेले आहे, हे त्यांना प्रत्यक्ष दिसत होते, पण त्याचा अर्थ लावणे त्या काळाच्या हाती नव्हते.

या रोगाला पोर्तुगिजांनी जे नाव दिले ते आपल्या भाषेतले होते. मराठी-कोंकणीतील ‘मोडशी’चे त्यांनी ‘मोरडेशिम’ केले, आणि फ्रेंचांनी त्याच उच्चाराचे ‘मॉर द शिएन’, म्हणजे ‘कुत्र्याचे मरण’, असे भयंकर रूपांतर करून टाकले. ज्या रोगाने माणूस मोडून पडतो ती मोडशी. आपल्या आजीच्या तोंडचा हा शब्द युरोपच्या वैद्यकीय ग्रंथांत जाऊन बसला.

त्याला तेथे नेऊन बसविण्यात ज्यांचा मोठा वाटा होता ते गार्सिया द ऑर्ता १५३४ मध्ये गोव्यात आले. अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशहावर त्यांनी उपचार केले. १५६३ मध्ये गोव्यातच छापलेल्या त्यांच्या संवादरूप ग्रंथात येथील औषधींबरोबर पटकीचेही नेटके वर्णन आहे. ग्रंथकर्ता हिंदू वैद्यांचे ऐकून घेतो, त्यांच्याशी वाद घालतो, आणि प्राचीन ग्रीकांपेक्षा स्वतःच्या डोळ्यांवर विश्वास ठेवतो. १५६८ मध्ये ते वारले. ते ज्यू वंशाचे. १५८० मध्ये धर्मन्यायालयाने त्यांच्या अस्थी उकरून जाळल्या. पणजीच्या नगरोद्यानाला आज त्यांचे नाव आहे.

हिंदू वैद्यांची कथाही अशीच दुहेरी आहे. १५६७ च्या धर्मपरिषदेने ख्रिस्ती रुग्णांना त्यांच्याकडे जाण्यास मनाई केली. तरीही १५८० च्या दशकात येथे राहिलेला डच प्रवासी लिन्सखोटेन सांगतो की खुद्द व्हाइसरॉय आणि आर्चबिशप त्यांच्याकडूनच उपचार घेत, आणि या वैद्यांना छत्री धरून फिरण्याचा मान होता. आजारी माणूस अखेर गुण देणाऱ्याच्या दारी जातो, हे सत्य कोणत्याही फर्मानाने बदलत नाही.

येथील राजरुग्णालयाची कीर्तीही मोठी होती. फ्रेंच प्रवासी पिरार १६०८ मध्ये तेथे रुग्ण म्हणून दाखल झाला. तेथील स्वच्छता व व्यवस्था पाहून त्याने त्याची मुक्तकंठाने प्रशंसा केली. उत्तम रुग्णालय असूनही शहर का वाचले नाही? कारण दोष खाटेपाशी नव्हता, विहिरीपाशी होता. येथील जांभा दगड सच्छिद्र. दाट वस्ती, उथळ विहिरी आणि शेजारीच झिरपणारी घाण. बायंगिणीच्या झऱ्याचे चांगले पाणी घागरींतून विकले जाई. ज्यांना ते परवडत नसे त्यांच्या वाट्याला विहिरीच आल्या असणार. पटकी आणि हिवताप यांनी शहर पोखरले. डचांच्या स्पर्धेने व्यापार घटला. १६८३ मध्ये संभाजी महाराजांचे सैन्य जुवे बेटावर येऊन ठेपले, तेव्हा व्हाइसरॉयने बॉम जेझूमधील सेंट झेवियरच्या शवपेटीपाशी आपला राजदंड ठेवून धावा केला. पुढे व्हाइसरॉयच पणेलीला आणि १७५९ मध्ये पणजीला गेले. १८४३ मध्ये पणजी रीतसर राजधानी झाली.

शेवटी टेकडीवरील सेंट ऑगस्टिनच्या भग्न मनोऱ्यापाशी जावे. १८३५ मध्ये धर्मसंघ बंद पडले, १८४२ मध्ये छत कोसळले. या अवशेषांत २००५ मध्ये सापडलेल्या अस्थींची हैदराबादच्या सीसीएमबी संस्थेने डीएनए तपासणी केली. त्या जॉर्जियाची राणी केतेवान हिच्या असाव्यात, असा निष्कर्ष २०१३ मध्ये निघाला आणि २०२१ मध्ये भारताने त्या जॉर्जियाकडे सुपूर्द केल्या. ज्या शहरात एका वैद्याच्या अस्थी जाळल्या गेल्या, तेथेच विज्ञानाने एका राणीच्या अस्थींना ओळख परत दिली.

१५४३ च्या त्या शवविच्छेदनाचे उत्तर मिळायला फार काळ जावा लागला. लंडनमध्ये जॉन स्नो यांनी १८५४ मध्ये पाण्याकडे बोट दाखविले, १८८४ मध्ये कोख यांना कोलकात्यात जंतू सापडला, १९५९ मध्ये शंभूनाथ डे यांनी त्याचे विष सिद्ध केले, आणि १९७१ मध्ये बनगावच्या निर्वासित छावणीत दिलीप महालनबीस यांनी मीठ-साखरेच्या पाण्याने मृत्यूचे प्रमाण सुमारे ३० टक्क्यांवरून चार टक्क्यांखाली आणले. गेलेले पाणी परत द्या, इतकेच ते उत्तर होते.

मात्र जांभा आजही तसाच सच्छिद्र आहे, आणि गावोगावी विहीर व शौचखड्डा आजही शेजारी नांदतात. म्हणून सहव्यावसायिकांना एक सुचवावेसे वाटते. आपल्या तरुण इंटर्नना एकदा जुन्या गोव्यात पायी हिंडवून आणावे. चर्चे त्यांना कोणीही दाखवील. विहिरी आपण दाखवाव्यात. आणि परतल्यावर आपापल्या वाड्यावरील विहिरींच्या पाण्याची तपासणी करून घेण्याचे काम त्यांच्याकडे सोपवावे.