विश्लेषण : दागिने उजळताना सोने झिजते का? कोणता धातू कसा स्वच्छ करावा?

लग्नसराई किंवा सण जवळ आला की कपाटातले आणि लॉकरमधले दागिने बाहेर निघतात. सोन्याची चेन मंद दिसते, पैंजण काळवंडलेले असतात, नथीचे मोती निस्तेज झालेले असतात. मग लिंबू, टूथपेस्ट, सोडा असे हाताशी येईल ते सगळ्यांना सारखेच लावले जाते. प्रत्यक्षात प्रत्येक धातू मळण्याचे कारण वेगळे असते. उपाय चुकला तर मळाबरोबर धातूही निघून जातो.

सोने मंद का दिसते?

शुद्ध सोन्यावर हवेचा किंवा पाण्याचा परिणाम होत नाही. म्हणजे त्याला गंज चढत नाही. मात्र शुद्ध सोने मऊ असते, म्हणून दागिन्यांसाठी त्यात तांबे, चांदी, जस्त असे धातू मिसळतात. २२ कॅरेटमध्ये ९१.६ टक्के, तर १८ कॅरेटमध्ये ७५ टक्के सोने असते. कॅरेट जितका कमी, तितकी या मिश्र धातूंमुळे रंग उतरण्याची शक्यता जास्त. रोजच्या वापरातल्या दागिन्यावर दिसतो तो बहुतेक वेळा घाम, त्वचेचे तेल, साबण, पावडर आणि हळद-कुंकवाचा थर असतो. तो घासून नव्हे, विरघळवून काढायचा असतो.

घरी सोने कसे धुवावे?

कोमट पाण्यात सौम्य साबणाचे किंवा भांडी धुण्याच्या द्रवाचे दोन-चार थेंब टाकावेत. रिठ्याचे पाणीही चालते. रिठ्यात नैसर्गिक फेस आणणारा घटक असतो. दहा-पंधरा मिनिटांनी लहान मुलांच्या मऊ ब्रशने कड्या आणि नक्षीतला मळ हलकेच काढावा. साध्या पाण्याने धुऊन सुती कापडाने टिपावे. हे काम बेसिनवर नव्हे, वाडग्यात करावे, म्हणजे सुटलेला मणी किंवा फिरकी वाहून जाणार नाही. टूथपेस्टमध्ये घासणारे बारीक कण असतात. त्यांनी सोन्यावर चरे पडतात. क्लोरीन असलेल्या ब्लीचपासून आणि जलतरण तलावाच्या पाण्यापासून दागिने दूर ठेवावेत. फुटलेल्या थर्मामीटरमधला पारा तर सोन्यात थेट मिसळतो आणि दागिना पांढरा पडतो.

चांदी काळी का पडते?

हवेतल्या गंधकयुक्त वायूंमुळे चांदीवर सिल्व्हर सल्फाइडचा काळा थर तयार होतो. अंडी, रबर, लोकर यांतही गंधक असते. त्यामुळे पैंजणांच्या पुडीला रबर बँड लावला तर चांदी लवकर काळी पडते.

उपाय सोपा आहे. वाडग्यात अ‍ॅल्युमिनियमची फॉइल पसरून त्यावर चांदी ठेवावी, चमचाभर खाण्याचा सोडा टाकावा आणि गरम पाणी ओतावे. चांदीचा फॉइलला स्पर्श व्हायला हवा. रासायनिक क्रियेत गंधक चांदीला सोडून अ‍ॅल्युमिनियमकडे जाते. कुजक्या अंड्यासारखा वास आला तर समजावे की क्रिया सुरू आहे. इथे काळा थर खरवडला जात नाही, त्यातली चांदी पुन्हा दागिन्यावरच राहते. मात्र मुद्दाम काळपट केलेल्या ‘ऑक्सिडाइज्ड’ दागिन्यांना आणि खडे बसवलेल्या चांदीला हा उपाय करू नये.

मुलामा, पितळ आणि प्लॅटिनमचे काय?

‘एक ग्रॅम’च्या दागिन्यांवर सोन्याचा थर अतिशय पातळ असतो. लिंबू, सोडा, ब्रश यांतले काहीही लावले तरी तो उडतो. वापरानंतर मऊ कोरड्या कापडाने पुसणे हीच त्याची निगा. तांब्या-पितळेच्या दागिन्यांना चिंच किंवा लिंबू-मीठ चालते, पण नंतर भरपूर पाण्याने धुऊन लगेच कोरडे करावे; आम्ल मागे राहिले तर हिरवट थर येतो. प्लॅटिनम काळे पडत नाही, त्याला साबणाचे पाणी पुरते.

मोती आणि लाखेचे दागिने कसे जपावेत?

मोती हे मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेट असते, म्हणजे खडूच्याच जातीचे. लिंबू किंवा व्हिनेगर लागले की त्याची झिलई विरघळते. नथ, तन्मणी, चिंचपेटी पाण्यात भिजवू नये. ओवलेला दोरा कमकुवत होतो. ओलसर कापडाने पुसून सपाट वाळवावे. अत्तर आणि स्प्रे आधी, मोती नंतर. बोरमाळेसारख्या दागिन्यांचे पोकळ मणी अनेकदा आतून लाखेने भरलेले असतात. गरम पाण्यात लाख मऊ होते आणि मणी चेपतात.

पॉलिशने वजन घटते का?

हो. यंत्रावर घासून केलेल्या पॉलिशमध्ये वरचा थोडा धातू जातोच. सराफकट्ट्यावरचा केर धुऊन त्यातले सोने काढणारे झारेकरी याच झिजेवर पोट भरत आले आहेत. १० ग्रॅमच्या चेनमधून २०० मिलिग्रॅम गेले तर डोळ्यांना काही कळत नाही, पण ते २ टक्के सोने असते. म्हणून पॉलिश वारंवार करू नये. पॉलिशला देताना दागिन्याचे वजन पावतीवर लिहून घ्यावे आणि परत घेताना समोर पुन्हा करून घ्यावे. हॉलमार्क आणि सहा अक्षर-अंकी एचयूआयडी क्रमांक वाचता येतो का, हेही पाहावे.

दारावरच्या ‘पॉलिशवाल्यां’चा धोका काय?

नायट्रिक आम्ल आणि हायड्रोक्लोरिक आम्ल १:३ प्रमाणात मिसळले की ‘आम्लराज’ तयार होते आणि त्यात सोने विरघळते. दागिने उजळून देतो म्हणून दारावर येणारे भामटे असेच द्रावण वापरतात. दागिना चकाकतो, आकार तसाच राहतो, पण सोने त्यांच्या भांड्यात उतरलेले असते. पुढे ते द्रावणातून परत काढता येते. अनेकदा दुपारी घरात एकट्या असलेल्या ज्येष्ठांना गाठले जाते. अनोळखी माणसाकडे दागिना देऊ नये, घरातल्या वृद्धांनाही हे समजावून सांगावे.

ठेवताना काय काळजी घ्यावी?

सोने, चांदी, मोती एकाच डब्यात एकमेकांवर घासू देऊ नयेत. प्रत्येकाला वेगळे मऊ कापड किंवा पिशवी हवी. चांदी हवाबंद पिशवीत ठेवावी. मोत्यांना मात्र हवाबंद प्लास्टिक मानवत नाही, ते सुती कापडातच ठेवावेत. दागिना कपाटात टाकण्यापूर्वी त्यावरचा घाम पुसला, तर पुढच्या सणाला उजळण्याचे काम निम्मे होते.