टूल कोण निवडतं: तुम्ही की तुमची कम्युनिटी?

पुंडलिकनगरातून मी बोलतोय. क्लासला जाताना ऐकत असाल तर एक कान मोकळा ठेवा, रस्त्यावर गाड्या आहेत!

मला सगळ्यात जास्त येणारा प्रश्न म्हणजे, "दादा, कोणतं टूल शिकू?" आपल्याला वाटतं, जे फास्ट तेच जिंकतं. पण टूल टिकतं ते त्याच्याभोवती जमलेल्या माणसांमुळे.

पायथनचंच बघा. पायथन ३ आलं डिसेंबर २००८ मध्ये. तरी पायथन २ चा सपोर्ट थांबायला १ जानेवारी २०२० उजाडलं. अकरा वर्षं! कारण जुना कोड नव्यावर जसाच्या तसा चालत नव्हता, आणि सगळ्यांचं काम लायब्ररींवर अडलेलं. वेबसाइट बनवायच्या जँगोमध्ये पायथन ३ चा सपोर्ट आला २०१३ ला, तोही आधी प्रायोगिक. लायब्ररी लिहिणारे हलले, तेव्हा बाकीचे हलले.

आता आपल्या महाराष्ट्रातलं उदाहरण. इंजिनिअरिंगवाल्यांनी मॅटलॅब ऐकलंच असेल. त्याचं लायसन्स विकत घ्यावं लागतं. ते फक्त लॅबपुरतं असेल, तर घरी सराव करायचा कशावर? सायलॅब मोफत आहे आणि त्यातली बरीच कामं करतं. मग कॉलेजं लगेच का बदलत नाहीत? कारण सगळी प्रॅक्टिकल्स आधीच मॅटलॅबमध्ये लिहिलेली. ती परत कोण लिहिणार?

इथे पवईच्या आयआयटी बॉम्बेमधला फॉसी प्रकल्प कामाला आला. त्यांनी विद्यार्थ्यांना आणि शिक्षकांना सांगितलं: नेहमीच्या पाठ्यपुस्तकातली सोडवलेली उदाहरणं घ्या, त्यांचा सायलॅबमध्ये कोड लिहा. तपासून पास झाला की मानधन, आणि कोड सगळ्यांना खुला. लॅबचे प्रयोग मोफत सॉफ्टवेअरवर आणायलाही ते मदत करतात. तिथल्याच स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पाचे साधारण दहा मिनिटांचे व्हिडिओ आहेत, त्यातले बरेच मराठीत. म्हणजे "परत कोण लिहिणार?" याचं उत्तर माणसांनीच दिलं.

म्हणून टूल निवडताना तीन गोष्टी बघा. एक, रात्री एकला एरर आला तर त्याचं उत्तर आधी कुणी लिहून ठेवलंय का? दोन, गेल्या काही महिन्यांत त्यात सुधारणा झाल्यात का, की सगळं थंड पडलंय? तीन, नवख्याने साधा प्रश्न विचारला तर लोक समजावतात की हुसकावून लावतात?

फक्त गर्दीमागे धावू नका. गर्दी मोठी असली तरी तुमचं काम वेगळं असू शकतं. आधी काम ठरवा, मग माणसं बघा.

आणि हो, कम्युनिटी म्हणजे कुणी परके लोक नाहीत. आज तुमचा एक एरर सुटला ना? तो कसा सुटला ते चार ओळी मराठीत लिहून टाका. आपल्याच गावातला कुणीतरी उद्या तिथेच अडकणार आहे.

चला, भेटू पुढच्या भागात!