जपानी शिकायचीय? मराठी येते ना, मग झालं!

‘क्लास पुण्यात, आपण तिसगावात, त्यात इंग्रजी कच्चं. कशी शिकणार परदेशी भाषा?’ असं म्हणून गप्प बसला असाल, तर थोडं थांबा. छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातल्या गाडीवाट गावच्या जिल्हा परिषद शाळेतली मुलं २०२० मध्ये ऑनलाइन जपानी शिकत होती. रोबोटिक्स आणि तंत्रज्ञानाच्या ओढीनं त्यांनी ही भाषा निवडली होती. तुम्हीही सुरुवात करू शकता.

आधी हिरागाना : मूळ अक्षरं ४६. क्रम ओळखीचा वाटेल : आ, इ, उ, ए, ओ, मग का, की, कु, के, को. रोज पाच गिरवा, दहा दिवसांत संपतात. कांजी मात्र अवघड. ती हळूहळू घ्या.

इंग्रजीचा वळसा नको : ‘मी पाणी पितो’ म्हणजे ‘वाताशी वा मिझु ओ नोमिमास’. क्रियापद आपल्यासारखंच शेवटी. म्हणून अर्थ मराठीतच लिहा.

कान तयार करा : नगरला जाताना एसटीत हेडफोनवर ऐका, घरी आल्यावर मोठ्यानं म्हणा. ‘त्सुनामी’तला ‘त्सु’ इंग्रजीवाल्यांना जड जातो. आपल्याला ‘चमचा’तला ‘च’ येतोच की!

परीक्षा ठरवा : जेएलपीटीची पहिली पायरी एन-५. परीक्षा जुलै आणि डिसेंबरमध्ये होते, पुण्यातही केंद्र असतं. फॉर्म भरला की अभ्यासाला तारीख मिळते. आणि क्लास केलेलाच हवा, अशी अट तिथं नसते.