विचारण्याचं कसब

बुलढाण्याहून राजूर घाट उतरला की मोताळा. या जिल्ह्यात माणसं एकमेकांची ओळख ‘घाटावरचा’ आणि ‘घाटाखालचा’ अशी सांगतात, मोताळा घाटाखालचा. शिवारात कपाशी, सोयाबीन, मका. बोली वऱ्हाडी, पण खानदेश शेजारीच असल्यामुळे तिकडचा हेलही कानावर येतो. गावांमधून हिंदू, मुस्लिम, बौद्ध वस्त्या, पलीकडे बंजारा तांडे, डोंगराच्या कडेला आदिवासी कुटुंबं. मनाच्या आजारावर काम करणारा माणूस या सगळ्यांना एकाच टेबलावरून भेटतो. त्याला त्यासाठी काय काय यावं लागतं, हे पाहायला मी या तालुक्यात काम करणाऱ्या एका समुपदेशक ताईंसोबत राहिले. रुग्णांची संमती घेतली होती. कोणी ओळखू येऊ नये म्हणून तपशील बदलले आहेत.

राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम १९८२ मध्ये सुरू झाला आणि १९९६ पासून त्याचा जिल्हा कार्यक्रम झाला. मनोविकारतज्ज्ञ, मानसशास्त्रज्ञ, सामाजिक कार्यकर्ता, परिचारिका असं पथक आणि तालुक्याच्या ठिकाणी ठरलेल्या दिवशी ओपीडी, अशी त्याची रचना. राज्यातली चार प्रादेशिक मनोरुग्णालयं ठाणे, पुणे, नागपूर आणि रत्नागिरीला. मोताळ्यापासून एकही जवळ नाही. त्यामुळे इथली छोटी खोली, दोन खुर्च्या आणि एक बाक यांवरच बहुतेकांची भिस्त.

पहिली आली ती नव्या लग्नाची मुलगी, सोबत सासू. तक्रार डोकेदुखीची आणि हातापायांना मुंग्या येण्याची. ताईंच्या खणात नैराश्य मोजण्याची नऊ प्रश्नांची छापील यादी होती, पण ती बाहेर आली नाही. “गाव कोणतं? पाऊस पडला का तिकडं? निंदण झालं?” असं सुरू झालं. सासू बोलत होती, सून मान हलवत होती. मग ताई म्हणाल्या, “आजी, आल्याच आहात तर तुमचंबी बीपी पाहून घ्या, सिस्टर बसल्या आहेत तिकडं.” सासू उठून गेली. ताईंनी सुनेच्या दंडाला पट्टा बांधला, हवा सोडली आणि पट्टा सोडायची घाई केली नाही.

“मले झोपच लागत नाई,” ती म्हणाली. “डोक्शात नुसती कचकच राह्यते.”

यादी आता बाहेर आली. तिच्यातले प्रश्न गेल्या दोन आठवड्यांबद्दलचे असतात. ताईंनी विचारलं, “मागच्या दोन बाजारांपासून असं किती दिवस झालं?” आठवडी बाजारावर दिवस मोजणाऱ्या मुलीला हिशेब लगेच लागला. नववा प्रश्न मरणाच्या विचारांचा. तो विचारताना ताईंचा आवाज बदलला नाही. झोपेचं विचारलं तसंच हेही विचारलं. उत्तर आल्यावर पुढचा प्रश्न यादीत नव्हता: “फवारणीचं औषध घरात कुठं ठेवता?” पलंगाखाली, असं कळलं. ते कुलपात कोण ठेवेल, किल्ली कोणाकडे राहील, हे ठरेपर्यंत त्यांनी दुसरा विषय काढला नाही. डॉक्टरांनी लिहून दिलेल्या गोळ्यांना त्या कधीच ‘औषध’ म्हणत नाहीत, ‘गोळी’च म्हणतात. इथं ‘औषध घेतलं’ याचा अर्थ भलताच होतो.

नवऱ्याच्या मारहाणीची गोष्ट दुसऱ्या एका बाईच्या बोलण्यात आली, आणि लगेच “आमच्यात असंच असते” हेही आलं. ताईंनी तिथं मान डोलावली नाही. कायदा काय म्हणतो, मदत कुठं मिळते, हे शांतपणे सांगितलं. रीत समजून घेणं वेगळं आणि रीतीच्या नावाखाली चालणारा मार मुकाट मान्य करणं वेगळं, ही रेघ त्या ओपीडीत स्पष्ट होती.

विचारण्याच्या या पद्धतीला शास्त्राचा आधार आहे. अमेरिकन मानसोपचार संघटनेने २०१३ मध्ये आपल्या निदानपुस्तिकेच्या पाचव्या आवृत्तीत १६ प्रश्नांची एक मुलाखत दिली. तुमच्या मते हे कशामुळे झालं? घरचे काय म्हणतात? आजवर कुठं कुठं जाऊन आलात? काय केल्यानं वाढतं, कशानं हलकं वाटतं? शेवटचा प्रश्न तर थेट आहे: डॉक्टर आणि रुग्ण वेगवेगळ्या पार्श्वभूमीचे असल्यामुळे गैरसमज होतात, तशी भीती तुम्हाला वाटते का? ही मुलाखत सहा देशांत तपासून पाहिली गेली. त्यातलं एक केंद्र पुण्यात होतं, केईएम रुग्णालयाच्या संशोधन केंद्रात; डॉ. वासुदेव परळीकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती मराठी रुग्णांसोबत वापरली. म्हणजे हे प्रश्न मराठीत विचारून झालेले आहेत. मोताळ्यापर्यंत ते बहुतेकदा अनुभवातून पोचतात, प्रशिक्षणातून क्वचित.

सगळ्यात जास्त वेळ घेतला तो एका तरुणाच्या कुटुंबानं. त्याला आवाज ऐकू येत होते. गळ्यात ताईत, मनगटावर काळा दोरा. बापानं बसता बसताच सांगून टाकलं, “बाहेरचं हाय म्हनतात. आमी सैलानीले ठेवलं होतं.”

घाटावर पिंपळगाव सराईजवळ सैलानी बाबांचा दर्गा आहे. होळीला तिथं नारळांची होळी पेटते, पुढे संदल निघतो, आणि राज्यभरातून आलेल्या गर्दीत हिंदू-मुसलमान दोन्ही असतात. मनाच्या आजारानं पछाडलेल्यांना घेऊन आलेली कुटुंबं तर वर्षभर दिसतात. सैलानीचं नाव निघालं की अनेक डॉक्टरांच्या कपाळाला आठी पडते आणि रुग्णाचे नातेवाईक गप्प होतात. पुढच्या वेळी ते सांगतच नाहीत; गोळी मध्येच बंद का झाली, हे मग कोणालाच कळत नाही.

ताईंनी विचारलं, “तिथं असताना काय फरक वाटला?”

आई बोलू लागली. तिथं लोक हसत नव्हते. सोबत तशीच माणसं होती. त्याला भूक लागत होती. ताईंनी सगळं लिहून घेतलं. मग विचारलं, “बांधून ठेवलं होतं का?” बराच वेळ कोणी बोललं नाही. शेवटी बापानं मान हलवली.

आता ताईंचं बोलणं ठाम झालं. ताईत राहू द्या, दुवा मागा, नवस फेडा. साखळी मात्र नाही, आणि गोळी एक दिवसही चुकवायची नाही. ६ ऑगस्ट २००१ रोजी तमिळनाडूतल्या एरवाडीला एका आश्रयस्थानात आग लागली तेव्हा साखळदंडांनी बांधलेल्या २८ रुग्णांचा बळी गेला. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यानं मनोरुग्णाला कोणत्याही प्रकारे साखळीनं बांधायला मनाई केली आहे. दुसरीकडे गुजरातेत मेहसाणा जिल्ह्यातल्या उनावा इथं मीरा दातार दर्ग्याच्या आवारात ‘दवा-दुआ’ म्हणून मनोविकारतज्ज्ञांची ओपीडी चालली आणि मुजावरच रुग्णांना तिकडं पाठवू लागले. श्रद्धेच्या जागेशी भांडण न करता तिथल्या अमानुष रीतीशी भांडता येतं, याचा हा पुरावा.

मुलाखत एका बाजूनं होत नाही. रुग्णही ताईंना पारखत असतो. “म्याडम, आडनाव काय तुमचं? गाव कोणतं?” हे प्रश्न दर दुसऱ्या माणसाकडून येतात. आडनावावरून जात आणि जातीवरून भरवसा ठरतो, हे ताईंना ठाऊक आहे. त्या उत्तर टाळत नाहीत, त्यावर रेंगाळतही नाहीत. घरभेटीला गेल्या की कोणत्याही वस्तीत पाणी आणि चहा घेतात, आणि घेताना आजूबाजूला पाहिलं जातंय याची त्यांना जाणीव असते. मुस्लिम बाईला ‘खाला’, तांड्यावरच्या म्हातारीला ‘याडी’ म्हणतात. नुसत्या हाकेनं काम होत नाही, पण पुढचं वाक्य ऐकलं जातं. गावोगावच्या आरोग्यसेविकांकडून, म्हणजे आशाताईंकडून, त्या बरंच शिकल्या. मात्र आशा गावचीच सून असते, म्हणून गुपित तिच्यासमोर सांगायचं की नाही, हेही त्या आधी रुग्णालाच विचारतात.

गोळ्यांचं वेळापत्रक तर पंचांग आणि पोटापाण्याकडे पाहूनच ठरवावं लागतं. रमजान लागण्याआधीच रोजे धरणार का, हे विचारून मात्रा सहेरी-इफ्तारवर बसवायच्या. लिथियम चालू असेल तर शरीरातलं पाणी कमी झाल्यावर ते विषारी ठरू शकतं. तेव्हा डॉक्टरांना विचारल्याशिवाय रोजा नाही. नवरात्राचे उपवास, श्रावणी सोमवार यांचंही तसंच. दिवाळीनंतर ऊसतोडीला किंवा वीटभट्टीवर जाणाऱ्या कुटुंबाला पुढच्या महिन्याची तारीख देऊन उपयोग नसतो. परत कधी येणार, तिकडं जवळचा दवाखाना कोणता, हे कागदावर लिहून द्यावं लागतं.

हे कसब शिकवता येतं का? विदर्भातच उत्तर मिळालेलं आहे. अमरावती जिल्ह्यातल्या ३० गावांत ‘विश्राम’ प्रकल्पानं गावपातळीवरच्या कार्यकर्त्यांना प्रशिक्षण देऊन नैराश्याचं काम त्यांच्या हाती दिलं. आधी नैराश्य असलेल्यांपैकी ४.३ टक्केच लोक उपचार घ्यायला जात होते. १८ महिन्यांत ते प्रमाण २७.२ टक्क्यांवर गेलं. हे निष्कर्ष २०१७ मध्ये ‘लॅन्सेट सायकियाट्री’त प्रसिद्ध झाले. सरकारनंही २०१५ मध्ये मराठवाडा-विदर्भातल्या १४ जिल्ह्यांसाठी ‘प्रेरणा प्रकल्प’ आणला, बुलढाणा त्यात आहे. शेतकऱ्याच्या दारात जाऊन त्याच्या मनाची चौकशी करण्याचं काम तेव्हा आशाताईंवर आलं.

प्रश्नावली हातात देणं सोपं असतं. ती कोणासमोर, कोणत्या क्रमानं, कोणत्या बोलीत विचारायची, आणि उत्तरात दर्गा, भगत किंवा करणी आली तर चेहरा कसा ठेवायचा, हे सभागृहातल्या एका व्याख्यानानं येत नाही. नव्यानं रुजू होणाऱ्या प्रत्येक मानसशास्त्रज्ञानं आणि समुपदेशकानं आधी काही आठवडे अनुभवी आशा आणि सामाजिक कार्यकर्त्यांबरोबर घरभेटी कराव्यात, सैलानीसारख्या ठिकाणी बसून नुसतं ऐकावं, आणि त्याची परीक्षा औषधांच्या ज्ञानाइतक्याच गांभीर्यानं घ्यावी. खर्च फारसा नाही. बदली झाली की कसबही निघून जातं, ते मात्र थांबेल.

तोवर घरात कोणाची झोप उडाली असेल, मन लागत नसेल, तर वाट पाहू नका. १० ऑक्टोबर २०२२ पासून देशभर ‘टेली मानस’ सुरू आहे. १४४१६ हा क्रमांक मोफत आहे, दिवसरात्र लागतो आणि तिथं मराठीत बोलता येतं.