ब्युनोस आयर्सचे पत्र : दहा नंबरचा अध्यक्ष



मेस्सीचे नाव आपल्या मेहकर तालुक्यातल्या पोरांनाही पाठ आहे. पण अर्जेंटिना समजून घ्यायचा तर फुटबॉलपटू हुआन रोमान रिकेल्मे कळायला हवा, असे इथे राहून माझे ठाम मत झाले आहे.

1978 साली गरीब घरात जन्मलेला हा मुलगा 1996 मध्ये इथल्या बोका ज्युनियर्स क्लबकडून खेळू लागला. मधल्या फळीत, पाठीवर दहा नंबर. पळायचा कमी. चेंडू पायाखाली धरून, अंगावर आलेल्याला पाठीवर रोखून तो थांबायचा, आणि मग नेमका पास सोडायचा. 2000 मध्ये टोकियोत बोकाने रेआल माद्रिदला 2-1 असे हरवले, तेव्हा माद्रिदच्या नामांकित खेळाडूंना त्याच्याकडून चेंडू काढून घेणे जड गेले. दुसरा गोल पालेर्मोने केला, पास याचाच. बार्सिलोनात तो रमला नाही. व्हियारेआल या स्पॅनिश क्लबला त्याने चॅम्पियन्स लीगच्या उपांत्य फेरीपर्यंत नेले आणि तिथे शेवटच्या क्षणी त्याची पेनल्टी अडवली गेली. 2007 मध्ये बोकात परतून त्याने दक्षिण अमेरिकेतल्या क्लबांचा कोपा लिबेर्तादोरेस जिंकून दिला. अंतिम फेरीच्या दोन सामन्यांत त्याचे तीन गोल होते. 2015 मध्ये निवृत्ती.

खरी गंमत यापुढे आहे. इथल्या क्लबांना मालक नसतो. आपल्या गावच्या सेवा सोसायटीसारखे सभासद असतात, आणि तेच मतदान करून कार्यकारिणी निवडतात. 2001 मध्ये प्रतिस्पर्धी रिव्हर प्लेटविरुद्ध गोल केल्यावर रिकेल्मे दोन्ही हात कानांमागे धरून बोकाचे तेव्हाचे अध्यक्ष माउरिसियो माक्री यांच्या कक्षासमोर उभा राहिला होता. वाद कराराच्या पैशांचा होता. माक्री पुढे देशाचे राष्ट्राध्यक्ष झाले. डिसेंबर 2023 मध्ये तेच माक्री बोकाच्या निवडणुकीत रिकेल्मेविरुद्धच्या पॅनेलमधून उपाध्यक्षपदासाठी उभे राहिले. चाळीस हजारांहून अधिक सभासदांनी मतदान केले आणि रिकेल्मे मोठ्या फरकाने अध्यक्ष झाला.

त्याच आठवड्यात नवे राष्ट्राध्यक्ष मिलेई यांनी क्लबांना कंपनी होण्याची वाट खुली करणारा वटहुकूम काढला. बोकाने त्याला विरोध केला. रिकेल्मेच्या कारभारावर टीका करणारे इथे पुष्कळ आहेत आणि त्यांच्या तक्रारींत तथ्यही आहे. पण त्याला खाली खेचायचे झाले, तर तेही सभासदांच्या मतांनीच होईल.